३५ आठवडे झालेत, जीबीएसची (ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस या जंतूंची) तपासणी करून घ्यावी का?

घ्या. पण तुम्ही लिहिता तशी तुमच्या ह्यूस्टनच्या नणंदेची न मागता झाली आणि तुमच्या फोंड्याच्या डॉक्टरांनी विषयच काढला नाही, म्हणजे ते निष्काळजी, असं नाही. अमेरिकेत २००२ पासून सगळ्याच गरोदर बायकांची करतात, इंग्लंडमध्ये जोखीम बघून. आपल्याकडेही सरसकट होत नाही.

मी डिचोलीची. दुसऱ्या खेपेला ३६व्या आठवड्यात स्वॅब दिला. योनीमार्ग आणि गुदद्वार, दोन्हींकडचा घेतात. नुसता पुढचा घेतला तर जंतू हुकू शकतात. कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) असल्याने रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. पॉझिटिव्ह आला. सासूबाईंचा पहिला प्रश्न, "हे कुठून आणलंस?" अहो, आतड्यात राहणारे जंतू ते, शंभरातल्या दहा ते तीस गरोदर बायकांत सापडतात. आईला बहुधा काही होत नाही. भीती बाळाची. उपचार केले नाहीत तर अशा आयांच्या शंभर बाळांतलं एखाददुसरं गंभीर आजारी पडतं.

मी लगेच गोळ्या मागितल्या. डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या: गोळ्यांनी गेलेले जंतू बाळंतपणापर्यंत परत येतात. औषध द्यायचं ते कळा सुरू झाल्यावर किंवा पाणी गेल्यावर, शिरेतून. पेनिसिलिन किंवा अँपिसिलिन, बाळ होईपर्यंत दर चार तासांनी. पहिला डोस जन्माआधी निदान चार तास मिळालेला बरा. म्हणून आई "अजून थोडी कळ काढ" म्हणत असताना मी रात्री दोनलाच निघाले. हॉस्पिटलात पोचल्यावर कळलं, रिपोर्ट घरीच, गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या सामानाखाली! (चवथ चार दिवसांवर होती.) ड्यूटीवरच्या सिस्टरना काहीच माहीत नव्हतं. मी तोंडाने सांगितलं म्हणून सुई लागली. तुम्ही रिपोर्ट फाइलच्या अगदी वर लावा.

पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर आत्ताच सांगा, दुसरं औषध ठरवता येतं. या गरोदरपणात लघवीच्या कल्चरमध्ये हे जंतू आले असतील किंवा आधीच्या बाळाला हा आजार झाला असेल, तर स्वॅबची वाट न बघता प्रसूतीच्या वेळी औषध देतात. कळा नाहीत, पाणी गेलेलं नाही आणि ठरवून सिझेरियन, तर यासाठी वेगळं इंजेक्शन लागत नाही.

जन्मानंतर आठवडाभराने पुढे होणारा आजार मात्र या सुईने टळत नाही. पहिले तीन महिने बाळ दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं, कण्हायला लागलं किंवा अंग तापलं, तर घुटी उगाळत बसू नका, तसंच उठून बालरोगतज्ज्ञांकडे न्या.