युद्धकाळात मित्रराष्ट्राला दिलेल्या मदतीवर देणाऱ्या देशाचे नियंत्रण कितपत राहते?

तुमचा प्रश्न असा आहे की, युद्धात गुंतलेल्या मित्रराष्ट्राला एखादा देश अब्जावधी डॉलरची शस्त्रे आणि पैसा देतो तेव्हा त्याचा हिशेब कोण ठेवतो आणि ती मदत भलतीकडे जाणार नाही याची हमी काय असते. प्रश्नाचा रोख युक्रेनकडे असावा असे वाटते. तिकडे मी शेवटी येतो. आधी अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात ‘लेंड-लीज’ (म्हणजे उसने किंवा भाड्याने देण्याच्या) कायद्याखाली दिलेल्या मदतीचे उदाहरण घेतो, कारण त्या व्यवहाराची कागदपत्रे आता खुली आहेत आणि त्याचे पुढे काय झाले हेही ठाऊक आहे. माझे मत असे की, देणाऱ्या देशाचे खरे नियंत्रण माल बंदरातून निघेपर्यंतच असते. त्यानंतर त्याच्या हाती बहुतांशी पोचपावत्या उरतात.

हा कायदा ११ मार्च १९४१ रोजी झाला. शेजाऱ्याच्या घराला आग लागली असताना आपण त्याला पाण्याची नळी देतो, तिची किंमत मागत बसत नाही, हा अध्यक्ष रूझवेल्ट यांचा त्याआधीच्या डिसेंबरमधील दाखला प्रसिद्ध आहे. मात्र त्या दाखल्यापेक्षा कायद्यामागची व्यवस्था अधिक पाहण्यासारखी आहे. मित्रराष्ट्रांच्या हातात रोकड जवळजवळ दिलीच गेली नाही. अमेरिकी काँग्रेसने तरतूद करायची (पहिलीच ७०० कोटी डॉलरची होती), अमेरिकेच्याच लष्कराने आणि सरकारी खात्यांनी स्वतःच्या मागण्यांबरोबर मित्रराष्ट्रांसाठीचा माल अमेरिकी कारखान्यांतून घ्यायचा आणि तो रवाना करायचा, असा तो मार्ग होता. त्यामुळे पैसे खाल्ले जाण्याचा प्रश्न पुष्कळसा मिटला आणि भांडण वस्तूंवर येऊन ठेपले: या महिन्यात तयार झालेले रणगाडे कोणाला द्यायचे? त्यासाठी १९४२ च्या आरंभी युद्धसाहित्याचे वाटप ठरवणारे संयुक्त मंडळ स्थापन झाले आणि वॉशिंग्टनमध्ये त्याची सूत्रे रूझवेल्ट यांचे विश्वासू सहकारी हॅरी हॉपकिन्स यांच्याकडे होती. सरकारी खरेदीशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे सांगायला नको की, मागणीपत्र मंजूर होतानाच निम्मी लढाई संपलेली असते. एकूण मदत सुमारे ५,००० कोटी डॉलरची झाली. तीत ब्रिटन आणि त्याच्या साम्राज्याचा वाटा सुमारे ३,१०० कोटींचा आणि सोव्हिएत संघाचा सुमारे १,१०० कोटींचा होता.

सोव्हिएत संघाच्या बाबतीत सारे काही लेखी करारांवर चालले. पहिला करार १ ऑक्टोबर १९४१ रोजी मॉस्कोत झाला आणि त्यात अमेरिका व ब्रिटन मिळून दरमहा ४०० विमाने आणि ५०० रणगाडे देतील असे ठरले. आकडे लिहिणे सोपे होते. जहाजे कोठून आणायची हा खरा पेच होता. आर्क्टिक समुद्रातून मुर्मान्स्ककडे जाणारा मार्ग सर्वांत जवळचा, पण जर्मन पाणबुड्यांच्या आणि विमानांच्या तडाख्यातला. जुलै १९४२ मध्ये ‘पीक्यू १७’ या एकाच ताफ्यातील ३५ पैकी २४ मालवाहू जहाजे बुडाली. निम्म्याच्या आसपास माल प्रशांत महासागरातून व्लादिवोस्तोकला गेला, मात्र सोव्हिएत संघ आणि जपान यांच्यात तटस्थतेचा करार असल्यामुळे तो सोव्हिएत निशाणाच्या जहाजांतून न्यावा लागे आणि त्यात उघड युद्धसाहित्य घालता येत नसे. तिसरा मार्ग इराणचा. मालमोटारी सुट्या भागांच्या पेट्यांतून इराणच्या आखातात उतरत, खोर्रमशहर आणि अंदिमेश्क येथे अमेरिकी देखरेखीखाली इराणी कामगार त्या जोडत, आणि जोडलेली गाडी रिकामी न पाठवता तिच्यातच दुसरा माल भरून ती उत्तरेकडे सोव्हिएत ताब्यात दिली जाई. मदत म्हणजे रणगाडे असे आपण समजतो, पण लाल सैन्याची पश्चिमेकडील धाव ज्यांच्यावर झाली त्या सुमारे ४ लाख मालमोटारी व जीपगाड्या, रेल्वेची इंजिने, डबाबंद मांस आणि बुटांचे कोट्यवधी जोड यांचे मोल मला अधिक वाटते.

ताबा दिल्यानंतर मात्र अमेरिकेला फारसे काही विचारता येत नव्हते, आणि हे रूझवेल्ट यांनी जाणूनबुजून ठरवले होते. ब्रिटनला प्रत्येक मागणीचे समर्थन द्यावे लागे. सोव्हिएत संघाला ते बहुतांशी माफ होते. मॉस्कोतील अमेरिकी राजदूत ॲडमिरल स्टँडली यांनी मार्च १९४३ मध्ये पत्रकारांसमोर उघड तक्रार केली की, ही मदत अमेरिकेकडून येते हे सोव्हिएत जनतेला सांगितलेच जात नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकी लष्करी मंडळाचे प्रमुख म्हणून मॉस्कोत आलेले जनरल डीन यांना जहाजांच्या डिझेल इंजिनांची नवी मागणी आली असता असे आढळले की, आधी पाठवलेल्यांपैकी बहुतेक इंजिने अजून बसवलेलीच नाहीत. निदान अशा टंचाईच्या वस्तूंच्या बाबतीत तरी कारण विचारावे, असा आग्रह त्यांनी धरला. मला वाटते, १९४१-४२ मध्ये, म्हणजे जर्मन सैन्य मॉस्कोच्या वेशीवर आणि नंतर स्टालिनग्राडमध्ये असताना, न विचारता देणे योग्यच होते. त्या वेळी तपासनीस पाठवणे हा वेळेचा अपव्यय ठरला असता. १९४३ च्या उन्हाळ्यानंतर तोच नियम जसाच्या तसा चालू ठेवण्याला मात्र सवयीपलीकडे फारसे कारण उरले नव्हते.

ब्रिटनवरचे नियंत्रण वेगळ्याच जातीचे होते. अमेरिकी निर्यातदारांची ओरड होती की, फुकट मिळालेले पोलाद वापरून ब्रिटिश कारखाने आपलीच बाजारपेठ पळवतील. म्हणून सप्टेंबर १९४१ मध्ये ब्रिटनला जाहीर हमी द्यावी लागली की, या मदतीतील किंवा तशाच प्रकारचा दुर्मीळ माल निर्यातीसाठी वापरला जाणार नाही. शिवाय ब्रिटनकडील सोने आणि डॉलर एका मर्यादेपलीकडे साठू नयेत यावर अमेरिकी अर्थखात्याची नजर होती. मदत घेणाऱ्याला युद्ध लढण्यापुरते सशक्त ठेवायचे, पण प्रतिस्पर्धी होऊ द्यायचे नाही, हा हिशेब त्यात स्पष्ट दिसतो.

या व्यवहारात भारतही होता, हे आपल्याकडे सहसा सांगितले जात नाही. युद्धखर्चामुळे नाण्यांची टंचाई आणि महागाई वाढली तेव्हा अमेरिकेने भारताला सुमारे २२.६ कोटी औंस चांदी उसनी दिली, आणि तिची अट अगदी सरळ होती: औंसाला औंस परत. पुढे चलनातून काढून घेतलेली नाणी वितळवून, त्यांतील चांदी वेगळी करून ती फेड १९५७ मध्ये पूर्ण करण्यात आली. परतफेडीची अट मोजता येण्याजोग्या एकाच वस्तूत लिहिली होती म्हणून तिच्यावरून वाद झाला नाही. सोव्हिएत संघाच्या देण्याबद्दलची बोलणी मात्र १९७२ पर्यंत लांबली.

सर्वांत वाईट व्यवस्थापन झाले ते मदत थांबवताना. जर्मनी शरण आल्यावर तीनच दिवसांनी, ११ मे १९४५ रोजी, अध्यक्ष ट्रूमन यांनी सोव्हिएत मदत कमी करण्याच्या आदेशावर सही केली. अधिकाऱ्यांनी त्याचा अर्थ इतका शब्दशः घेतला की, बंदरातील भरणी थांबली आणि वाटेतली जहाजेही माघारी बोलावली गेली. तो हुकूम लगेच फिरवावा लागला, पण महिनाअखेरीस हॉपकिन्स मॉस्कोला गेले तेव्हा स्टालिनने त्याबद्दल नाराजी ऐकवलीच. ऑगस्टमध्ये जपान शरण येताच ब्रिटनचीही मदत अशीच तुटली आणि त्याला ३७५ कोटी डॉलरचे नवे कर्ज २ टक्के व्याजाने घ्यावे लागले, ज्याचा शेवटचा हप्ता डिसेंबर २००६ मध्ये भरला गेला.

आता युक्रेन. मे २०२२ मध्ये अमेरिकेने त्याच्यासाठीही लेंड-लीज कायदा केला होता, परंतु तो न वापरताच त्याची मुदत संपली. आर्थिक मदतीच्या बाबतीत आजची पद्धत जुन्यापेक्षा निश्चितच बरी आहे: जागतिक बँकेच्या एका योजनेत युक्रेन सरकार शिक्षक, आरोग्य कर्मचारी आणि निवृत्तिवेतनधारक यांना आधी पैसे देते आणि खर्चाचे पुरावे तपासल्यानंतरच त्याची भरपाई मिळते. शस्त्रांच्या बाजूला मात्र देणाऱ्याच्या स्वतःच्या वहीतच गोंधळ झाला. अमेरिकी संरक्षण खात्याने जून २०२३ मध्ये कबूल केले की, आपल्या साठ्यातून दिलेल्या साहित्याची किंमत वहीतील मूल्याने (म्हणजे घसारा वजा जाता उरणाऱ्या किमतीने) न लावता नवे घेण्यास येणाऱ्या खर्चाने लावल्यामुळे दोन आर्थिक वर्षांत मिळून मदतीचा आकडा ६२० कोटी डॉलरने फुगला होता. तेवढ्या किमतीचे आणखी साहित्य काँग्रेसकडून नवी मंजुरी न घेता युक्रेनला पाठवण्याची मुभा मग त्या दुरुस्तीमुळेच मिळाली.