ब्रिटनमध्ये अपील फेटाळले गेले. आता कायद्याच्या मुद्द्यावर वर जाता येईल का?

आपण लिहिले आहे की, कुटुंबासह ब्रिटनमध्ये राहू देण्याबाबतचे आपले अपील फर्स्ट-टियर ट्रायब्युनलने (अशी अपिले प्रथम ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने) फेटाळले, आठ वर्षे तेथेच वाढलेल्या मुलीविषयीच्या मानसशास्त्रज्ञाच्या अहवालाचा निकालपत्रात उल्लेखही नाही, आणि आता नवी कागदपत्रे जोडून वर जाण्याचा आपला विचार आहे.

वर जाता येते, पण नव्या कागदपत्रांच्या बळावर नाही. मी याच क्षेत्रात काम करतो आणि बहुतेक अर्ज इथेच अडखळताना पाहतो. 2007 च्या ट्रायब्युनल्स, कोर्ट्स अँड एन्फोर्समेंट कायद्याच्या कलम 11 नुसार अप्पर ट्रायब्युनलपुढे, म्हणजे त्यावरच्या न्यायाधिकरणापुढे, केवळ कायद्याच्या मुद्द्यावर अपील चालते, आणि त्यासाठीही आधी परवानगी घ्यावी लागते. (आपल्याकडील दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 खालचे दुसरे अपील ज्यांनी लढवले आहे, त्यांना ही अट नवी वाटणार नाही.) न्यायाधीशांनी आपल्या साक्षीवर विश्वास ठेवला नाही, एवढीच तक्रार असेल तर ती कायद्याचा मुद्दा ठरत नाही, महत्त्वाचा पुरावा विचारात न घेणे, निष्कर्षाची कारणे न देणे, चुकीची कसोटी लावणे किंवा सुनावणी न्याय्य रीतीने न होणे, हे मात्र ठरते.

आपल्या प्रकरणात मला दोन मुद्दे दिसतात. पहिला अर्थातच अहवालाचा. न्यायाधीशांनी प्रत्येक कागदाचा उल्लेख करावा असे बंधन नाही, त्यामुळे हा अहवाल विचारात घेतला असता तर निकाल वेगळा लागू शकला असता, हे आपल्याला दाखवावे लागेल. ‘अहवालाकडे दुर्लक्ष झाले’ असे मोघम लिहिण्याऐवजी, उदाहरणार्थ, ‘परिच्छेद 31 मध्ये मुलीवर विपरीत परिणाम होईल असा पुरावा नसल्याचे म्हटले आहे, परंतु बंडलच्या (सुनावणीसाठी दाखल केलेल्या कागदपत्रांच्या संचाच्या) पान 84 वर तज्ज्ञाने नेमका तोच परिणाम नोंदवला आहे’ असे लिहावे. दुसरा मुद्दा अधिक वजनदार ठरू शकतो: सात वर्षे सलग ब्रिटनमध्ये राहिलेल्या मुलाने देश सोडावा अशी अपेक्षा करणे वाजवी आहे का, हा प्रश्न 2002 च्या नॅशनॅलिटी, इमिग्रेशन अँड असायलम कायद्याच्या कलम 117बी(6) मुळे अशा पालकांच्या प्रकरणात विचारावाच लागतो. निकालपत्रात तो विचारलेलाच नसेल, तर ही कायद्याची सरळ चूक आहे.

आपण ब्रिटनमध्येच असल्यास, कारणांसह लेखी निकाल पाठवला गेल्यापासून 14 दिवसांत परवानगीचा अर्ज त्याच फर्स्ट-टियर ट्रायब्युनलकडे करावा लागतो. तेथे नकार मिळाला तर तोच अर्ज अप्पर ट्रायब्युनलकडे करता येतो, आणि त्यालाही 14 दिवसांचीच मुदत असते. तेथेही नकार मिळाल्यास न्यायालयीन पुनर्विलोकनाचा (त्या नकाराची वैधता न्यायालयाकडून तपासून घेण्याचा) मार्ग 2022 च्या ज्युडिशियल रिव्ह्यू अँड कोर्ट्स कायद्याने जवळजवळ बंद केला आहे, म्हणून मुद्द्यांचा मसुदा सॉलिसिटरकडून किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे (इमिग्रेशन सल्लागारांवर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे) नोंदणी असलेल्या आणि अपिलाचे काम करण्याची मुभा असलेल्या सल्लागाराकडूनच करून घ्यावा.

नवी कागदपत्रे जपून ठेवा. चूक मान्य होऊन प्रकरणाचा नव्याने निर्णय व्हायची वेळ आली, तर परवानगी मागून ती तेव्हा पुढे करता येतात.