फंक्शन हाताने इनलाइन करण्याआधी
जावास्क्रिप्टमध्ये सी-सारखे मॅक्रो (कंपाइल होण्याआधीच नावाच्या जागी कोड चिकटवणारी सोय) नाहीत, आणि सुरुवातीला त्यांच्यावाचून तुमचं काही अडणारही नाही. क्रोम आणि नोडमधलं व्ही८ इंजिन वारंवार चालणारी छोटी फंक्शन्स स्वतःच इनलाइन करतं, म्हणजे कॉलच्या जागी फंक्शनचा कोडच बसवतं. तुम्ही फंक्शन लहान ठेवा आणि त्याला कायम एकाच प्रकारची व्हॅल्यू द्या. कधी नंबर, कधी स्ट्रिंग असं नको.

तरीही फंक्शनची बॉडी (आतला कोड) कॉलच्या जागी हाताने चिकटवायचीच असेल, तर इथे जपा:

- संख्येचा वर्ग काढणाऱ्या फंक्शनच्या वर्ग(आय++) या कॉलचं (आय++) * (आय++) झालं की आय दोनदा वाढतो आणि उत्तरही चुकतं. आर्ग्युमेंट आधी कॉन्स्टमध्ये घ्या, मग वापरा.
- आतला रिटर्न आता बाहेरचंच फंक्शन संपवतो. नवशिक्यांचे तास यातच जातात.
- व्हेरिएबलची नावं एकमेकांवर आदळतात.

आणि हात लावण्याआधी प्रोफाइलर (कुठल्या कोडला किती वेळ लागतो ते दाखवणारं साधन) चालवाच. वेळ खाणारी ओळ बहुधा भलतीच निघते.