ग्रीक शिल्पं बघायला सुरुवात करताय? आधी चेहऱ्याकडे जाऊ नका

भावना चेहऱ्यावर शोधायची सवय आपल्याला असतेच, पण ग्रीक शिल्पात ती आधी अंगात उतरली. एजिना बेटावरच्या अफाइआ मंदिराचे दोन मरणासन्न योद्धे शेजारी ठेवून बघा. दोघेही आता म्युनिकच्या ग्लिप्टोथेक संग्रहालयात आहेत. मंदिराच्या पश्चिमेकडच्या छताखालच्या त्रिकोणातला, आधीचा, छातीत बाण लागूनही हसतोय. पूर्वेकडच्या त्रिकोणातला जेमतेम दहा-वीस वर्षांनंतरचा. ढालीवर रेललाय, मान खाली, धड पिळवटलेलं. मला तरी अख्ख्या ग्रीक कलेत याहून मोठी झेप दिसत नाही.

अथेन्सचा ‘क्रिटिओस कुमार’ हा तरुणाचा पुतळा, इ.स.पू. ४८० च्या सुमाराचा, याच काळातला. त्याच्या कमरेवर नजर ठेवा: भार एका पायावर, म्हणून एक बाजू वर गेलेली.

मग रोमच्या पालाझ्झो मास्सिमो संग्रहालयातला ब्राँझचा बसलेला मुष्टियोद्धा बघा, १८८५ मध्ये सापडलेला. मोडलेलं नाक, सुजलेले कान. जखमांत तांबं बसवलंय, त्यामुळे त्या लालसर दिसतात. उजव्या हातावर आणि मांडीवर रक्ताचे थेंबही तांब्याचेच. फोटो बघत असाल तर मोठा करूनच बघा, नाहीतर ते थेंब हमखास सुटतात.