इंटरनेट सुरू केल्याने पैसे जात नाहीत

मोबाइल इंटरनेटचे भाव आणि वेग यांबद्दल वाचक विचारतात त्याच्या दुप्पट भीतीबद्दल विचारतात. म्हणून काही उत्तरे पुन्हा देत आहे.

प्रश्न : माझा ४जी फोन नीट चालतो. दुकानदार म्हणतो, आता ५जी घ्यावाच लागेल. (दादर)

उत्तर : लागणार नाही. ५जी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, पण ४जी बंद झालेले नाही.

प्रश्न : आई फक्त बोलण्यापुरता फोन वापरते, तरी डेटासकट रिचार्ज मारावा लागतो. (गिरगाव)

उत्तर : दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या डिसेंबर २०२४ च्या नियमानुसार केवळ कॉल आणि एसएमएसचे रिचार्जही कंपन्यांना ठेवावे लागतात. ते ठळकपणे दाखवण्यात त्यांना रस नसतो. ग्राहक सेवेकडे स्पष्ट मागणी करा.

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे आहेत. इंटरनेट चालू केले की खाते रिकामे होते, असे सोसायटीत ऐकल्यापासून त्यांचा नवा फोन कपाटातच आहे. (मुलुंड)

उत्तर : सोसायटीतल्या ऐकीव गोष्टींवर बँक चालत नाही. नवे तंत्र उपयोगाचे आणि सोपे वाटले की माणूस ते स्वीकारतो, असे संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडले. पैशांच्या बाबतीत त्यात भरवसाही मिळवावा लागतो, आणि तो जाहिरातीने येत नाही, घरच्या माणसाने शेजारी बसून शिकवल्याने येतो. वडिलांना एवढे पक्के सांगा की यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. ‘क्यूआर स्कॅन करून पिन टाका, रक्कम जमा होईल’ म्हणणारा लुबाडणाराच असतो. लग्नपत्रिका किंवा वाहतूक चलान म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) फाइल उघडू नये. यूपीआयला थोडी शिल्लक असलेले वेगळे खाते जोडा. पेन्शनचे खाते जोडण्यापूर्वी शाखेत जाऊन विचारा. तरीही फसवणूक झालीच, तर लाजेने दोन दिवस गप्प बसणे हा सर्वांत महाग प्रकार आहे : रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः पिन सांगितला असला, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, त्यानंतरचे बँकेचे. म्हणून आधी बँक आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० क्रमांक, नातेवाईक नंतर.

प्रश्न : चाळीतल्या आतल्या खोलीत रेंज नाही. लॅमिंग्टन रोडवरून बूस्टर आणू का? (लालबाग)

उत्तर : आणू नका; परवान्याशिवाय तो बसवणे बेकायदा आहे. ५जीच्या उच्च वारंवारितेच्या लहरी जाड भिंतींतून कमी शिरतात. कंपनीकडे लेखी तक्रार करा, आणि नंबर पोर्ट करण्यापूर्वी शेजाऱ्यांच्या फोनवर दुसऱ्या कंपनीची रेंज त्याच खोलीत तपासून पाहा.