सहा लाख भरून बिनभाड्याचं घर?

प्रश्न : बेळगावात शहापूरला 8,500 रुपये भाड्यानं राहतो. मालकाला घर स्वतःसाठी हवंय. अनगोळात असंच घर तीन वर्षांच्या लीजवर मिळतंय. 6 लाख एकरकमी, भाडं नाही, सोडताना पैसे परत. 4 लाखांची एफडी मोडू, 2 लाख दागिन्यांवर काढू, असं ह्यांचं म्हणणं. त्यांची उद्यमबागेतली फौंड्रीही तिथून जवळ. घ्यावं का?

ताई, हिशेब यजमानांच्या बाजूनं आहे, हे आधीच कबूल करतो. एफडीवर 7 टक्के धरले तर वर्षाचं 28,000 व्याज बुडेल. दागिन्यांवरच्या कर्जाला 10 टक्क्यांनी 20,000 जातील. म्हणजे घर महिना 4,000 ला पडलं. साडेचार हजार सरळ वाचले.

आता तोच हिशेब मालकाच्या बाजूनं मांडा. वर्षाचं 1,02,000 भाडं सोडून तो 6 लाख वापरायला घेतोय. म्हणजे 17 टक्क्यांनी उचलल्यासारखंच झालं की! घर तारण ठेवून बँकेत याहून कितीतरी स्वस्त पैसा मिळतो. मग हा बँकेत का गेला नाही? की जाऊन आलाय?

म्हणून मूळ खरेदीपत्र दाखवा म्हणा. झेरॉक्स नको. 'मूळ कागद बँकेत आहेत' म्हणाला तर घरावर कर्ज आहे, तिथूनच परत फिरा. हप्ते थकले तर बँक घराचा ताबा घेते आणि तुमचे 6 लाख मालकाच्या मागं लागून वसूल करायची वेळ येते. सब-रजिस्ट्रारकडची ईसी, म्हणजे घरावर बोजा आहे का ते सांगणारा दाखलाही काढा. आणि तीन वर्षांचा करार नोंदवावाच लागतो. 'अकरा महिन्यांचा करू, नंतर वाढवू' याला मान डोलवू नका.

कागद चोख निघाले तरी सोनं गहाण टाकून लीज भरायला माझा विरोधच आहे. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, मालकाच्या खिशातल्या पैशाला कसला? शिवाय हे पैसे बहुधा पुढचा लीजवाला आला की मगच सुटतात. लग्नानंतरच्या पहिल्या घराचे माझे पैसे सात महिने असेच अडकले होते. दर रविवारी जायचं, चहा प्यायचा, परत यायचं.

मालकाला विचारा : 3 लाख डिपॉझिट आणि 4,250 भाडं चालेल का? त्याला दर तोच पडतो. तुम्हाला बुडालेलं व्याज धरून घर महिना 6,000 ला पडेल, एक लाख बँकेत राहील आणि बांगड्या हातात. नाही म्हणाला तर शहापूर-वडगावातच साडेआठ-नऊ हजारांचं दुसरं घर बघा.

कुठंही गेलात तरी गृहज्योतीला (सरकारची मोफत विजेची योजना) जोडलेला जुन्या घराचा आरआर नंबर, म्हणजे वीज जोडणीचा नंबर, सोडवून नव्या घराचा जोडून घ्या. सामान हलवायच्या गडबडीत हे हमखास राहतं आणि पहिलं बिल आलं की आठवतं.