परत पाठवलेल्यांची वही

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आजोबांच्या, म्हणजे आपल्या नानांच्या, वर्षश्राद्धाच्या स्मरणिकेसाठी तू लिहिलेला लेख मिळाला. दोनदा वाचला. ‘समाजसेवेचा वसा’, ‘निःस्वार्थ वृत्ती’, ‘दीपस्तंभ’ हे शब्द त्यांना शोभतात, पण लेखात मला नाना भेटले नाहीत. त्यांची सायकल नाही, कॅरिअरला बांधलेली रेक्झिनची पिशवी नाही, रात्रपाळी करून गिरणीतून थेट रक्तपेढीत आल्यावर केसांत अडकलेला कापूस नाही. सोलापुरात रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून माझी नोकरी झाली, आणि त्यातली सव्वीस वर्षं हा माणूस दर आठवड्याला माझ्या टेबलासमोर येऊन बसला. म्हणून हक्काने सांगतो, लेख पुन्हा लिही.

आधी एक आकडा दुरुस्त कर. ‘दोनशेहून अधिक वेळा रक्तदान’ असं तू लिहिलं आहेस. पुरुषाला दोन रक्तदानांमध्ये तीन महिने थांबावं लागतं, म्हणजे वर्षाला फार तर चार वेळा. नानांनी पहिलं रक्तदान १९७६ साली सव्विसाव्या वर्षी केलं आणि साठीला थांबवलं. एकदाही चुकले नसते तरी आकडा दीडशेच्या आतच राहिला असता. मधे कावीळ झाली तेव्हा तर आम्हीच त्यांना बरेच महिने रक्त देऊ दिलं नव्हतं. कार्डं तुमच्या लोखंडी कपाटात असतील, मोजून बघ. माझ्या आठवणीत ८७ आहेत. जेवढी निघतील तेवढीच छाप. एका शिबिराच्या बातमीत ५१ बाटल्यांच्या ६० झाल्या, तेव्हा दुरुस्ती छापून येईपर्यंत नाना स्वस्थ बसले नव्हते. (रक्त पिशवीत यायला लागून किती वर्षं झाली, तरी आम्ही दोघं शेवटपर्यंत ‘बाटली’च म्हणत राहिलो.)

आता मुख्य गोष्ट. नानांच्या दोन वह्या होत्या. पहिली सगळ्यांना माहीत आहे: रक्तगटानुसार रक्तदात्यांची नावं, पत्ते, आणि मोबाइल नव्हते त्या काळातले शेजाऱ्यांचे पीपी नंबर. तुझा लेख सगळा त्या वहीवर उभा आहे. दुसरी वही लाल पुठ्ठ्याची. रक्त द्यायला आलेल्या पण आम्ही परत पाठवलेल्या माणसांची नावं तिच्यात आहेत.

रक्त घेण्याआधी बोटाला टोचून एक थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडतात. तो झटकन बुडाला तर हिमोग्लोबिन पुरेसं, साडेबाराच्या वर. तरंगला तर त्या माणसाचं रक्त घेत नाहीत. पूर्व भागातल्या शिबिरात विड्या वळणाऱ्या बायका यायच्या. दिवसभर मांडीवर सूप घेऊन बसलेल्या, पोटात चहा आणि अर्धी भाकरी. त्यांचा थेंब बहुतेक वेळा तरंगायचा. आम्ही ‘तुमचं चालणार नाही’ म्हणून पुढच्याला बोलवायचो. आमची रांग मोठी असायची, पण खरं सांगतो, त्यांच्याकडे बघायला सवड काढावी असं मला कधी सुचलंही नाही. नाना त्यांना बाजूला बसवून चहा-बिस्किटं द्यायचे आणि मोडक्यातोडक्या तेलुगूत नाव विचारून वहीत लिहायचे. मग सरकारी दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळवून द्यायच्या, त्या जेवणानंतर घ्यायच्या, लगेच वर चहा प्यायचा नाही, हे घरी जाऊन सांगायचं. तीन महिन्यांनी पुन्हा बोट टोचायला घेऊन यायचं. थेंब बुडाला की नावापुढे खूण. त्यातल्या कितीजणींनी पुढे रक्त दिलं हे नानांनी मोजलं नाही. त्यांच्या लेखी खूण म्हणजे बाई बरी झाली, एवढंच.

किल्लारीच्या भूकंपाची आठवण तू दोन ओळींत उरकलीस. तिथे थांब. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. आदल्या दिवशी विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले. किल्लारी-सास्तूरकडून जखमी सोलापूरला यायला लागले तसं अख्खं शहर बाह्या सरसावून आमच्या दारात उभं राहिलं. आमच्याकडे पिशव्या कमी, फ्रीज लहान. त्या गर्दीपुढे उभे राहून नाना हात जोडून म्हणत होते, ‘आज पुरे झालं. नाव द्या, पुढच्या आठवड्यात बोलावतो.’ लोक चिडले, काहींनी शिव्या दिल्या. पण पिशवीतलं रक्त ३५ दिवस टिकतं, आणि ढिगाऱ्याखाली चेंगरलेल्या हातापायांच्या शस्त्रक्रिया पुढे कितीतरी आठवडे चालणार होत्या. एकाच दिवशी सगळ्यांचं घेतलं असतं तर त्यांना पुढचे तीन महिने बोलावता आलं नसतं. त्या दिवसाची नावंही लाल वहीतच आहेत, सलग अकरा पानं. दसऱ्यानंतर गर्दी ओसरली तेव्हा नाना एकेकाच्या घरी जात होते.

पुढे कोर्टाच्या निकालाने १ जानेवारी १९९८पासून पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर बंदी आली. फार चांगला निकाल, पण सगळा भार स्वेच्छेने देणाऱ्यांवर आला. मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावाला, आणि थॅलेसेमिया हा रक्ताचा आजार असलेल्या मुलांना तर दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच. नानांचे मे महिने कसे जायचे हे मला विचारू नकोस, आजीला विचार. तिची एकही सुट्टी माहेरी गेली नाही. रात्री दोनला कडी वाजली की आधी ती उठायची. तुझ्या लेखात ती फक्त ‘खंबीर साथ’ आहे. तिला शेजारी बसवून तासभर बोलतं कर, आणि ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत घाल.

वडिलांशीही बोल. त्यांच्या दहावीच्या निकालादिवशी नाना शिबिरात होते, आणि ते दुखणं अजून गेलेलं नाही. नानांचा रागही लिही. आत पेशंट आणि बाहेर सहा धडधाकट भाऊ सुईला घाबरून उभे दिसले की त्यांचा तोल जायचा. एकदा त्यांनी एका नवऱ्याला सगळ्यांसमोर फाडफाड बोललं, आणि तोच माणूस विड्या वळून घर चालवणाऱ्या आईचा एकुलता मुलगा, स्वतः क्षयाची औषधं घेणारा निघाला. नाना दुसऱ्या दिवशी त्याची माफी मागायला गेले. मी बरोबर होतो. हे वगळलंस तर घरातल्यांना बरं वाटेल, पण नाना अर्धेच उरतील.

एक बंधन मात्र पाळ. वह्यांमधलं एकही नाव छापू नकोस, रक्तगट नको, फोटोत पानही नको. कोणाला का परत पाठवलं हे नानांनी तुझ्या आजीलाही सांगितलं नव्हतं.

लाल वही माझ्याकडे आहे. दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा त्यांनी ती उशीखालून काढून दिली होती. ती तुझ्या घरची, तुला देणार आहे. शेवटच्या पानावर चार नावांपुढे खूण राहून गेली आहे. त्यातल्या एका बाईंचं घर मला माहीत आहे, अक्कलकोट रस्त्याला. रविवारी सकाळी ये, आधी तिकडे जाऊन येऊ. लेखाचं मग बघू.

तुझ्या नानांचा सोबती